कावळा बसला १५ जूनला, पण फांदी आधीच पोखरलेली होती

प्रश्न थोडक्यात असा आलाय. एका घरात दोन पार्ट्या पडल्यात. धाकटा सॅन होजेत, बेसबॉलमधल्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा कट्टर माणूस, आणि त्याचे दाजी बोस्टनजवळ फ्रेमिंगहॅमला, ते बोस्टनच्या रेड सॉक्सवाले. दाजींचा हिशोब एकदम सोपाय. १५ जून २०२५ ला रफाएल डेव्हर्स हा मोठा बॅटर ट्रेडमध्ये, म्हणजे चार खेळाडूंच्या बदल्यात, बोस्टनकडून तुमच्याकडे आला तेव्हा तुम्ही ४१-३१ (४१ जिंकलेल्या, ३१ हरलेल्या) होतात, सीझन संपला तेव्हा ८१-८१, म्हणजे तो आल्यानंतर ४०-५०. आम्ही ३७-३६ होतो, त्याला काढला, पुढे ५२-३७ गेलो आणि प्लेऑफ खेळलो. आता अजून कसला पुरावा पाहिजे? आणि हा धाकटा मला विचारतोय, काका तुम्ही एवढी वर्षं कोचिंग करताय, खरं सांगा, ट्रेड फसला का आमचा, आणि पोराला डेव्हर्सची जर्सी हवीय, पोरगं आठ वर्षांचं आहे, घेऊ का नको.

पहिलं म्हणजे काका म्हटल्याबद्दल निषेध. दुसरं, मी कोण ते सांगतो म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुझं तू ठरव. शाळेत असताना जळगावला सॉफ्टबॉल खेळलो, कॅचर होतो, आमच्याकडे हा खेळ शाळा-कॉलेजात बऱ्यापैकी चालतो हे इकडच्या आपल्या लोकांनाच माहीत नसतं. मग नोकरीसाठी इकडे आलो आणि गेली वीसेक वर्षं फ्रीमॉन्टला पोरांच्या टीम्स घेतोय, वीकेंडला अंपायरिंग पण करतो. मोठ्या लीगच्या ऑफिसात काय चालतं ते मला आतून माहीत नाही पण एखाद्याची जागा बदलली की त्याचं आणि टीमचं काय होतं ते अगदी जवळून बघितलंय.

तर, दाजींचे आकडे सगळे बरोबर आहेत, त्यातून काढलेला अर्थ चुकीचा आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, त्यातला प्रकार आहे हा. १५ जून ही आपण कॅलेंडरवर मारलेली रेघ आहे. त्या रेघेच्या पलीकडे डेव्हर्स सोडून अजून दहा गोष्टी बदलल्या, त्या कोणी मोजतच नाही कारण त्यांच्यावर २५ कोटी डॉलरचा टॅग नव्हता.

मुळात ते ४१-३१ बघ ना. तू ते सीझनचं खरं रूप धरून चाललायस, पण जूनची सुरुवात आठव जरा. ४ जूनला लामाँट वेडला काढला, फर्स्ट बेसवर खेळायचा तो, आणि त्याची बॅटिंग .१६७ वर होती, म्हणजे सहा वेळा आला की एक हिट. त्यानंतर टीम सलग ७ जिंकली आणि त्यातल्या बऱ्याचशा मॅच फक्त एका रनने. एका रनची मॅच म्हणजे शेवटच्या बॉलवरची फोर, जिंकलास तर हिरो, आणि दोन इंच इकडेतिकडे झालं असतं तर रडत घरी. असे विजय पिचिंगच्या जोरावर काही दिवस मिळतात, वर्षभर नाही मिळत. म्हणजे ४१-३१ वाली टीम दिसत होती तेवढी चांगली नव्हती, तापमापी गरम पाण्यात बुडवून काढल्यासारखा आकडा होता तो.

त्यात ट्रेडच्या आठवडाभर आधी मॅट चॅपमनचा हात दुखावला, थर्ड बेसचा आपला भिंतीसारखा माणूस, तो ५ जुलैपर्यंत बाहेर. म्हणजे लोकांना वाटतंय डेव्हर्स आला म्हणजे एक मोठी बॅट वाढली, प्रत्यक्षात पहिले तीन आठवडे एक आली होती आणि एक गेली होती. आणि आला तो सुद्धा पूर्ण फिट नव्हता, जांघेचं आणि पाठीचं दुखणं घेऊनच आला होता. जस्टिन व्हर्लँडरसारखा नावाजलेला पिचर, त्याला २३ जुलैपर्यंत एकही विजय मिळाला नव्हता, काही वेळा तो मार खायचा आणि काही वेळा चांगली टाकायचा तेव्हा आपले बॅटर रन काढायचे नाहीत. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात घरच्या मैदानावर आधी मेट्सनी तीन आणि मग पायरेट्सनी तीन मारल्या. पायरेट्सनी! आता या सगळ्यात डेव्हर्सनं काय करायला हवं होतं, पिचिंग?

इथे एक गोष्ट आपल्या क्रिकेटवाल्या डोक्यात पटकन शिरत नाही, माझ्याही शिरायला दोन-तीन वर्षं गेली. क्रिकेटमध्ये मोठा बॅट्समन एकटा मॅच ओढून नेऊ शकतो. तो स्ट्राइक स्वतःकडे ठेवतो, ओव्हरच्या शेवटच्या बॉलला एक काढतो, समोरच्या टोकाला अकरा नंबरचा उभा असला तरी चालतं. बेसबॉलमध्ये स्ट्राइक ठेवताच येत नाही. नऊ जण आहेत, रांग ठरलेली आहे, तू जगातला सगळ्यात भारी बॅटर असलास तरी तुझा नंबर नवांतून एकदा, मॅचमध्ये चार वेळा, फार तर पाच. आणि वरून समोरची टीम तुला चार बॉल बाहेर टाकून फुकट फर्स्ट बेसवर पाठवू शकते, जा बाबा बस तिकडे, आम्ही तुझ्या मागच्याला आउट करतो. मागचा दमदार नसेल तर तुझी अर्धी किंमत तिथेच गेली. म्हणून मी नेहमी म्हणतो की एका बॅटरनं टीम तरत नाही आणि बुडत तर अजिबातच नाही. मोजणारे लोक साधारण दहा रनना एक विजय धरतात. त्या हिशोबानं डेव्हर्सनं ९० मॅचमध्ये आपल्याला, साध्या बदली खेळाडूच्या तुलनेत, माझ्या अंदाजानं दोनेक विजय जास्त दिले असतील. दोन. ४०-५० चे ३८-५२ झाले असते तो नसता तर. हे ऐकून तुला बरं वाटणार नाही कारण तुला त्याच्याकडून दहा हवे होते, पण दहा कोणीच देत नाही, अर्ध्या सीझनमध्ये तर नाहीच नाही.

आता त्याची बॅटिंग. दाजी म्हणणार बोस्टनला .२७२ होता, तुमच्याकडे .२३६ झाला, म्हणजे हात आखडला. सरळ वाचलं तर तसंच दिसतं. पण डेव्हर्स डावखुरा, आणि त्याची खासियत काय तर बाहेरचा बॉल उशिरा घेऊन उलट्या बाजूला म्हणजे लेफ्ट फील्डकडे उंच मारायचा. बोस्टनच्या मैदानात, फेनवे पार्कमध्ये, त्या बाजूला काय आहे? ती हिरवी भिंत, ग्रीन मॉन्स्टर, ३७ फूट उंच, पण होम प्लेटपासून कोपरा जेमतेम ३१० फुटांवर. दुसऱ्या कुठल्याही मैदानावर जो सोपा कॅच असतो तो तिथे भिंतीवर आपटतो आणि डेव्हर्स आरामात सेकंड बेसवर उभा. आपल्याकडे तोच बॉल लेफ्ट फील्डर दोन पावलं मागे जाऊन झेलतो, च्युइंग गम चघळत. आणि ताकदीनं उजवीकडे ओढायला जावं तर आपल्या ओरॅकल पार्कचा राइट फील्डचा कोपरा ३०९ फुटांवर आहे पण भिंत २४ फुटांची, आणि तिथून आत मैदान असं पसरत जातं की राइट-सेंटरला ४१५ फूट. त्यात खाडीवरून येणारी थंड दमट हवा. तू संध्याकाळच्या मॅचला जुलैमध्ये जॅकेट घालून बसतोस ना, बॉललाही तीच थंडी लागते. मी एकदा लवकर जाऊन वरच्या स्टँडमधून बॅटिंग प्रॅक्टिस बघत बसलो होतो, ऊन होतं तोवर बॉल स्टँडमध्ये जात होते, ढगांची चादर खाली आली आणि तसाच आवाज, तसाच फटका, बॉल भिंतीच्या दहा फूट अलीकडे मान टाकून खाली. बॅटरच्या हातात काहीच बदललं नव्हतं.

हे धरून बघ. .२३६ सरासरी असून तो ३४.७ टक्के वेळा बेसवर पोचला कारण बाहेरचे बॉल सोडून वॉक घेत होता, आणि ९० मॅचमध्ये २० होमर (आपली सिक्सरच समज) मारले. दोन्ही टीम मिळून ३५ होमर, १०९ रन बॅटवर आणले, आणि मॅच किती खेळला माहितीय? १६३. सीझनच १६२ चा असतो! मधे टीम बदलली, दोन वेळापत्रकं जुळली, म्हणून एक जास्त मिळाली, आणि त्यानं एकही सोडली नाही, पाठ दुखत असताना सुद्धा. आळशी आळशी म्हणतात ना त्याला, त्यांनी हा आकडा जरा भिंतीवर लावावा. आणि २१ जूनला, ट्रेडला आठवडासुद्धा झाला नव्हता, रेड सॉक्स इकडेच खेळायला आले होते, तेव्हा त्यांच्याच ब्रायन बेयोला त्यानं उलट्या बाजूला, लेफ्टला, होमर ठोकला आणि आपण मॅच ३-२ जिंकलो. दाजींना त्या रात्री फोन केला होतास का तू? करायला हवा होता.

तू जुना जायंट्सवाला असशील तर तुला दोन वर्षं आठवत असतील. २०११. जुलैच्या अखेरीला आपण डिव्हिजनमध्ये पहिले, बॅटिंग रडतखडत, तेव्हा मेट्सकडून कार्लोस बेल्ट्रान आणला आणि बदल्यात झॅक व्हीलर दिला, जो पुढे मोठा पिचर झाला आणि अजून आपल्याला झोंबतो. बेल्ट्राननं ४४ मॅचमध्ये .३२३ मारली. .३२३! तरी टीम घसरली, अॅरिझोना पुढे गेलं, आपण प्लेऑफ घरी बसून बघितली. आता २०१२. फिलाडेल्फियाकडून हंटर पेन्स आणला. त्यानं आपल्याकडे रेग्युलर सीझनमध्ये किती मारली? .२१९. डेव्हर्सपेक्षा वाईट. आणि आपण वर्ल्ड सिरीज जिंकलो, डेट्रॉइटला ४-०. पेन्स आज देव आहे, बेल्ट्रानचं नाव काढलं की लोक तोंड वाकडं करतात. मग खेळला कोण चांगला? फरक या दोघांत नव्हता, बाकीच्या टीममध्ये होता. २०११ ला मे महिन्यात होम प्लेटवरच्या धडकेत बस्टर पोझीचा पाय मोडला होता, कॅचर गेला, बॅटिंगचा कणा गेला (मी स्वतः कॅचर, तो व्हिडिओ मी आजपर्यंत दुसऱ्यांदा बघितलेला नाही). २०१२ ला तोच पोझी परत आला, .३३६ मारून एमव्हीपी म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला, त्या साली मेल्की काब्रेरा ऑगस्टमध्ये सस्पेंड होऊन गेला तरी फरक पडला नाही कारण कोलोराडोकडून आणलेला मार्को स्कुटारो, ज्याच्यासाठी कोणी पेढे वाटले नव्हते, तो .३६२ खेळला. आणि आज जायंट्सचा बेसबॉलचा मुख्य माणूस कोण आहे, डेव्हर्सला आणायचा निर्णय कोणाचा? त्याच पोझीचा. मला वाटतं त्याला ही २०११ ची गोष्ट दाजींपेक्षा नक्कीच जास्त माहितीय.

दाजींना समजेल अशा भाषेत पाहिजे तर आयपीएल घे. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक गुजरातकडून मुंबईत आला, रोहितची कॅप्टनशिप गेली, वानखेडेवर स्वतःच्याच लोकांनी त्याला हूट केलं, आणि मुंबई २०२४ ला १४ पैकी ४ जिंकून दहावी म्हणजे शेवटची. झालं, हार्दिकमुळे बुडाली. पण मग गुजरात, ज्यांच्याकडून तो गेला, ते तरी वर जायला पाहिजे होते ना? ते आठवे आले. म्हणजे एकच माणूस दोन्हीकडे एकाच वेळी टीम बुडवून गेला, एकीकडे येऊन आणि दुसरीकडे जाऊन. त्याच सालच्या जूनमध्ये त्यानं टी-२० वर्ल्ड कप फायनलची शेवटची ओव्हर टाकली आणि जुलैत त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष. आपण पब्लिक पण ना.

आता बोस्टनकडे बघू, कारण दाजींचा अर्धा दावा तिकडचा आहे. त्याला काढल्यावर टीम सुटली, वातावरण हलकं झालं वगैरे. वातावरणाचं मी नाकारत नाही, ड्रेसिंग रूममध्ये धुसफुस असली की ती वासासारखी पसरते. पण ५२-३७ कुठून आले ते तरी बघा. रोमन अँथनी हा तरुण बॅटर ९ जूनला खालच्या मायनर लीगमधून वर आला, ट्रेडच्या आधी, आणि जम बसल्यावर त्यानं लाइनअप बदलून टाकली. ॲलेक्स ब्रेगमन मांडीच्या दुखापतीनं मे अखेरीपासून बाहेर होता, तो ११ जुलैला परत आला. पिचर गॅरेट क्रोशे वर्षभर १८-५, २५५ स्ट्राइकआउट. शेवटची इनिंग टाकायला ॲरोल्डिस चॅपमन, ईआरए (नऊ इनिंगमागे सरासरी दिलेले रन, कमी तेवढा भारी) १.१७. हे सगळे डेव्हर्स गेला म्हणून चांगले खेळायला लागले असं दाजींना म्हणायचंय का? आणि ज्या बदल्यात तो दिला त्यातून बोस्टनला त्या साली काय मिळालं, तर जॉर्डन हिक्स, ज्याचा तिकडे ईआरए ८ च्या वर गेला. जेम्स टिब्स, आपला २०२४ चा पहिल्या फेरीतला पोरगा, त्याला त्यांनी दीड महिन्यात डस्टिन मेसाठी डॉजर्सना देऊन टाकला (म्हणजे आपला पोरगा शेवटी डॉजर्सकडे, हे मात्र मला खरंच लागलं). काइल हॅरिसन सप्टेंबरपर्यंत खाली मायनरमध्ये. होसे बेयो अगदीच कोवळा. आणि शेवट काय, यांकीजकडून वाइल्ड कार्डमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या पहिल्या फेरीत, पहिली जिंकून पुढच्या दोन हरले, तिसऱ्या मॅचमध्ये एकही रन नाही, ४-०. तिथे एक डावखुरी बॅट असती तर, असं दाजींना त्या रात्री एकदा तरी वाटलं असणार, कबूल करणार नाहीत. आणि ज्या ब्रेगमनला थर्ड बेस देण्यावरून हे सगळं महाभारत झालं तो एक सीझन खेळून शिकागोला, कब्जकडे गेला. आता बोला.

हॅरिसनचं मात्र मला वाईट वाटतं. आपल्या इकडचाच, काँकर्डच्या डे ला साल शाळेचा पोरगा. त्या रविवारी रात्री लॉस एंजलिसला डॉजर्सविरुद्ध त्याचीच स्टार्ट होती, म्हणजे पिचिंगची सुरुवात तोच करणार होता, आणि मॅच सुरू व्हायच्या ऐन तोंडावर त्याला सांगितलं की तू टाकणार नाहीस, तू बोस्टनला चाललायस. तिकडे डेव्हर्सनं त्याच दिवशी यांकीजविरुद्ध होमर मारला होता, तीन पैकी तीन जिंकून टीम सिएटलच्या विमानाला निघालेली, आणि त्याला पण तसंच. पगार कितीही असो, हा प्रकार क्रूरच आहे.

आणि आता तो मुद्दा ज्यावर दाजी सगळ्यात जास्त भडकतात. बोस्टनला फर्स्ट बेस खेळ म्हटलं तर नाही म्हणाला, आणि तुमच्याकडे येऊन गपचूप खेळला, म्हणजे माणूसच वाकडा. यात माझा अनुभव आहे म्हणून जरा लांबवतो.

आधी क्रम बघा. २०२३ च्या जानेवारीत त्याच्याशी १० वर्षांचा ३१.३५ कोटी डॉलरचा करार केला, थर्ड बेस तुझा म्हणून. दोन वर्षांनी ब्रेगमनला आणलं आणि याला सांगितलं की आता ग्लव्ह ठेवून दे, तू फक्त बॅटिंग कर. कुरकुरला, पण ऐकलं. मग मे महिन्यात ट्रिस्टन कॅसासचा गुडघा गेला आणि तेच लोक परत आले, आता ग्लव्ह काढ, फर्स्ट बेस शिक. तेव्हा तो बिथरला आणि पत्रकारांसमोर बोलला. बोलायला नको होतं, ते मी पण म्हणतो. शेवटी मालक जॉन हेन्री स्वतः विमानानं कॅन्सस सिटीला गेला समजूत काढायला, म्हणजे किती चिघळलं होतं बघ.

माझ्याकडे एका वर्षी अकरा वर्षांचा एक पोरगा होता, थर्ड बेसवर मस्त, हात गोफणीसारखा. दुसरा एक नवीन आला, तो त्याच्याहून सरस. मी घाईत काय केलं तर मॅचच्या दिवशी लाइनअपचा कागद कुंपणाला अडकवला आणि त्यावर याचं नाव फर्स्ट बेससमोर. पोरगं कागद वाचून आलं आणि काही बोललं नाही, डगआउटच्या टोकाला जाऊन बुटाची लेस सोडायला आणि बांधायला लागलं, सोडायला आणि बांधायला. त्या दिवशी दोन सोपे थ्रो हातातून सुटले. लोकांना वाटतं फर्स्ट बेस म्हणजे जाड्या माणसाला उभं करायची जागा. अरे, थर्ड बेसवर बॉल बॅटवरून येतो, तू त्याच्याकडे बघत असतोस, अंगावर घेतोस, उचलून फेकतोस. फर्स्ट बेसवर तू आधी धावत बेसवर जायचं, खाली न बघता टाचेनं बेस चाचपायचा, वळायचं, आणि मग कोणीतरी धावताना फेकलेला वाकडा बॉल मातीतून टप्प्यावर खोदून काढायचा, तोही पाय बेसवरून न उचलता, वर तिकडून साठ-सत्तर किलोचा रनर तुझ्या पायावर येतोय. पाय कुठे आहे हे डोळ्यांनी नाही, सवयीनं कळावं लागतं. त्या पोराला मी नंतर संध्याकाळी रिकाम्या ग्राउंडवर नेलं, डोळ्यांवर रुमाल बांधून नुसतं बेस शोधायला लावलं, दोनशे वेळा, आणि आधी माफी मागितली. तीन आठवड्यांत तो लीगमधला सगळ्यात चांगला फर्स्ट बेसमन झाला. पोरगं तेच होतं, फक्त यावेळी मी कागद न लावता आधी त्याला विचारलं होतं.

डेव्हर्सचं पण मला तेच दिसलं. इकडे आला, जिथे सांगाल तिथे खेळतो म्हणाला, मॅचच्या आधी ग्राउंडर घेत बसला आणि जुलैच्या उत्तरार्धात फर्स्ट बेसवर उभा राहिला. मी खरंतर घरात पैज लावली होती की हा यावर्षी ग्लव्ह घालत नाही म्हणून, हरलो, बायकोला जेवायला न्यावं लागलं. तिकडे खेळला नाही आणि इकडे खेळला हे दाजींना दगाबाजी वाटतं ते मी समजू शकतो, त्यांच्या जागी मी असतो तर मलाही वाटलं असतं. पण त्यात जास्त चूक मॅनेजमेंटची.

मग जायंट्सचा सीझन बुडवला कोणी म्हणशील तर माझं बोट डेव्हर्सकडे नाही, ३१ जुलैकडे आहे, म्हणजे ट्रेड करायच्या शेवटच्या तारखेकडे. जूनमध्ये एवढा मोठा माणूस आणायचा, पुढच्या आठ वर्षांचे पैसे अंगावर घ्यायचे, आणि सहा आठवड्यांनी दुकान आवरायला लागायचं? टायलर रॉजर्स मेट्सला, कमिलो डोवाल यांकीजला, यॅस्ट्रझेम्स्की कॅन्सस सिटीला. ज्या बुलपेननं (पहिला पिचर थकला की पुढे टाकणारे) एका रनच्या मॅच काढून दिल्या त्याचेच दोन खांब काढले. आणि गंमत म्हणजे ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत टीम पुन्हा अशी चालली की वाइल्ड कार्डच्या शर्यतीत आली, तेव्हा आठव्या इनिंगला टाकायला कोण? विली अडामेसनं मे-जूनपर्यंत सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि शेवटी ३० होमर मारले, बाँड्सनंतर म्हणजे २००४ नंतर जायंट्समध्ये तीस पहिल्यांदाच कोणी मारले, म्हणजे बॅटिंग शेवटी आली होती की! मॅनेजर बॉब मेल्विनचंही तेच, १ जुलैला त्याचं पुढचं वर्ष पक्कं केलं आणि २९ सप्टेंबरला घरी पाठवला. त्याच्या जागी टोनी व्हिटेल्लो, थेट कॉलेजातून आणलेला. ज्यांना जुलैत काय पाहिजे ते सप्टेंबरमध्ये आठवत नाही त्यांचा राग बिचाऱ्या फर्स्ट बेसमनवर कशाला काढायचा.

एका जागी मात्र मी दाजींच्या बाजूला थोडा सरकतो. पैसे. करार २०३३ पर्यंत आहे, राहिलेले २५ कोटींच्या वर डॉलर सगळे आपण घेतलेत, बोस्टननं त्यातला एक छदाम ठेवला नाही. तो ऑक्टोबर १९९६ चा, म्हणजे ट्रेडच्या वेळी २८, शेवटच्या सीझनला ३६ पूर्ण. डावखुरा, अंगानं जड, आणि बॉल उशिरा घेऊन मारणारा. अशा बॅटरचे हात पस्तिशीत एक शतांश सेकंदानं जरी मंदावले तरी जो बॉल उलट्या बाजूला उंच जायचा तो मागे कॅचरच्या डोक्यावर फाउल जायला लागतो. ब्राइस एल्ड्रिज नावाचा उंच पोरगा २०२५ च्या सप्टेंबरमध्ये वर आला, तो पण फर्स्ट बेसवालाच, म्हणजे दोघं एकत्र खेळले की एकाला नुसती बॅटिंग. दोघांनाही बॅटिंग करायला मिळेल, पण मग तिसरा कोणी म्हातारा थकला तर त्याला ठेवायला जागा उरत नाही. हा ट्रेड फसला तर तो २०३० नंतर फसेल. त्यासाठी २०२५ चे ४०-५० दाखवणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत जिलबी कच्ची होती म्हणून घटस्फोट मागण्यासारखं आहे.

तेव्हा दाजींना सांग, तुमचा बोस्टनचा सीझन चांगला गेला, अभिनंदन, पण ५२-३७ चं श्रेय अँथनीला आणि क्रोशेला द्या. आणि मला विचारशील तर आजही तेच चार जण देऊन मी तोच ट्रेड केला असता, फक्त त्यानंतर ३१ जुलैला फोन बंद करून झोपलो असतो.

जर्सी घे. त्याला बोस्टनचा ११ नंबर इकडे मिळाला नाही कारण तो कार्ल हबेलच्या नावानं कायमचा काढून ठेवलाय, म्हणून तो १६ घालतो, जुन्या ११ वाली कोणी स्वस्तात विकत असेल तर फसू नकोस. आणि मापाची घेऊ नको, पोरं वर्षात वाढतात, चांगली दोन साइझ मोठी घे. करार संपेल तेव्हा तुझं पोरगं सोळाचं असेल.